कोयता, दोर आणि हिंमत पुरत नाही

'त्यात काय शिकायचंय? कोयता हवा, दोर हवा आणि वर चढायची हिंमत हवी.' बंगळुरूतल्या मराठी घरांत एखाद्या मुलाने किंवा मुलीने 'मला ट्री सर्जन व्हायचंय' म्हटलं की हे वाक्य ठरलेलं. सोसायटीच्या बैठकीतही तोच सूर असतो: पावसाळ्याआधी झाडं तोडणारा कुणीतरी बोलवा, जो कमीत कमी पैशांत करेल तो. हा समज इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकून गप्प बसवत नाही. तो नुसता चुकीचा नाही, त्याने झाडं मरतात आणि माणसंही मरतात.

2 जून 2024 रोजी बंगळुरूत एका दिवसात 111 मिलिमीटर पाऊस झाला आणि शहरभर झाडं उन्मळून पडली. अशा वेळी दोष वाऱ्याला दिला जातो. पण खोडाभोवती ओतलेलं काँक्रीट, गटारासाठी तोडलेली मुळं आणि तारांखातर एकाच बाजूने केलेली छाटणी यांनी झाड आधीच अधू झालेलं असतं. कोयता, दोर आणि हिंमत असलेल्या माणसांनीच ती छाटणी केलेली असते.

एक साधं काम पाहा. रेन ट्रीची, म्हणजे विलायती शिरीषाची, मांडीएवढी जाड फांदी रस्त्यावर झुकली आहे आणि ती काढायची आहे. नवखा माणूस खोडाला लागून वरून करवत चालवतो. फांदी अर्धीमुर्धी कापली जाते तोच स्वतःच्या वजनाने खाली येते आणि येताना खोडाची हातभर साल सोलून नेते. जाणकार हेच काम तीन कापांत करतो. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, फांदीच्या खालून, जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी मोडून पडते, पण सालीची चीर पहिल्या कापाशी येऊन थांबते. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, आणि इथे खरी परीक्षा असते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर पडला पाहिजे. खोडाला घासून कापलं तर कडं जातं. वीतभर खुंट ठेवला तर तो वाळतो आणि कुजीला आत शिरायला वाट मिळते.

त्या कड्याचं एवढं काय? आपली कातडी भरून येते तशी झाडाची जखम भरत नाही. कुजलेला भाग झाडाला बदलता येत नाही. ते त्याच्याभोवती भिंती उभारून कूज आतच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून जखम झाकत आणतं. अमेरिकेच्या वनसेवेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवलं आणि 1977 मध्ये त्याची मांडणी प्रसिद्ध केली. फांदीच्या तळाचं कडं ही त्या बचावाची पहिली फळी आहे. ते कापून काढणारा माणूस पुढे पोकळ होणाऱ्या खोडाची सुरुवात करून जातो. ते खोड पडेल तेव्हा त्याखाली कुणाचं तरी मूल शाळेच्या बसची वाट बघत उभं असू शकतं.

म्हणून 'शिकायचं काय' याचं उत्तर सरळ आहे: कुठे कापायचं, किती कापायचं आणि कधी अजिबात कापायचं नाही. आपल्याकडे ट्री सर्जन म्हणवून घ्यायला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून हे शिकण्याची सक्ती कुणावर नाही. दुखणं खरं तिथे आहे.

मग माणसं या कामात येतात कशी? एकाच दाराने येत नाहीत. कुणी उद्यानविद्या शिकून येतं; बंगळुरूत त्यासाठी जीकेव्हीकेचं कृषी विद्यापीठ आहे. कुणी वनशास्त्राकडून येतं. कर्नाटकात सिरसी आणि पोन्नमपेट, महाराष्ट्रात दापोली आणि अकोला इथे ते शिकवतात. कुणी रामनगरच्या कातळांवर दोर हाताळायला शिकलेलं असतं, कुणी ठेकेदाराच्या टोळीत फांद्या ओढता ओढता वर चढायला लागतं. 'ट्री डॉक्टर' म्हणून शहराला माहीत असलेले विजय निशांत पर्यावरणाच्या कामातले. प्रोजेक्ट वृक्ष हा झाडांच्या नोंदणीचा उपक्रम त्यांचाच. प्रत्येकाकडे कामाचा एक भाग आधीपासून असतो आणि दुसरा मिळवावा लागतो. पदवीधराला उंचीवर करवत धरायला शिकावं लागतं, चढणाऱ्याला लाकडाच्या आत काय चालतं ते समजून घ्यावं लागतं. जाणत्या माणसाच्या हाताखाली काढलेल्या वर्षांना पर्याय नाही. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही 1924 पासूनची संस्था प्रमाणपत्राची परीक्षा घेते. तिलाही नुसतं पुस्तकी ज्ञान चालत नाही. पदवी नसेल तर परीक्षेआधी तीन वर्षं पूर्णवेळ कामाचा अनुभव दाखवावा लागतो.

हाताने शिकून मोठं झाल्याचं उदाहरण तर बंगळुरूच्या मातीतलंच आहे. लालबागला आजचं रूप देणारे गुस्ताफ क्रुम्बिगल माळीकाम शिकून लंडनच्या क्यू गार्डनमध्ये पोचले, 1893 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आले आणि 1908 मध्ये बंगळुरूत.

'हे परदेशातलं खूळ, इथे काम कुठे आहे?' असंही विचारतात. वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने 1980च्या दशकात या शहरात सुमारे 15 लाख झाडं लागली. त्यातली जी टिकली ती आता चाळिशीत आहेत, आणि याच वयात वाळक्या फांद्या, ढोल्या आणि एकमेकींना रेटणारे दुबेळके वाढतात. काम डोक्यावर लोंबकळतं आहे.

बाकीचे समज थोडक्यात. शेंडा मारला की झाड सुरक्षित होतं? उलट, मारलेल्या शेंड्याखाली फुटणारे जोमदार फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि जाड झाल्यावर तेच आधी तुटतात. कापल्यावर डांबर किंवा रंग फासायलाच हवा? शायगोंच्या प्रयोगांत रंगाने कूज थांबली नाही. बागायतदार बोर्डो पेस्ट लावतात ती ठरावीक रोगांसाठी, ती गोष्ट वेगळी. ढोली सिमेंटने भरावी? नको. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, आणि आत पाणी मुरतं. आपल्या आवारातलं झाड आपण हवं तेव्हा पाडू शकतो? कर्नाटकात 1976च्या वृक्ष संरक्षण कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्रात 1975चा कायदा आहे.

नारळावर चढणारा कुठलंही झाड करेल? नारळाला फांद्या नाहीत आणि त्याच्या खोडाची जखम नव्या लाकडाने झाकली जात नाही. ते कसब वेगळं आहे. बायकांचं हे काम नव्हे? नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये यंत्राच्या साहाय्याने नारळावर चढण्याचं सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात बायकाही शिकल्या आणि त्यावर कमावू लागल्या. शिकणाऱ्यांसाठी विम्याचीही सोय ठेवली होती. शहरात फांद्या छाटणाऱ्या किती ठेकेदारांनी आपल्या माणसांचा विमा उतरवला आहे, हे सोसायटीने दर विचारण्याआधी विचारावं. कंबरेचा पट्टा, शिरस्त्राण, दोन दोर आणि तारेजवळ काम असेल तर वीज बंद केल्याची खात्री, हेही त्याच वेळी विचारावं. आणि मुलाने किंवा मुलीने हे काम शिकायचं ठरवलं असेल, तर ज्याच्याकडे ही उत्तरं तयार आहेत त्याच्याच हाताखाली पाठवावं.