१ ऑगस्ट १९२० : एका तारखेच्या तीन नोंदी

दिनविशेषाच्या सदरात बहुधा वेगवेगळ्या शतकांतील घटना केवळ तारीख सारखी म्हणून शेजारी बसविल्या जातात. १ ऑगस्टची गोष्ट निराळी आहे. या तारखेच्या तीन मोठ्या नोंदी एकाच वर्षाच्या, एकाच दिवसाच्या आहेत.

त्यातील पहिली सर्वपरिचित आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहात ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांचे वय ६४ होते. भर पावसात लोटलेल्या अफाट जनसमुदायासह अंत्ययात्रा निघाली आणि नेहमीच्या स्मशानाऐवजी, सरकारची खास परवानगी घेऊन, गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. महात्मा गांधींनी आणि शौकत अलींनी खांदा दिला.

त्याच दिवशी गांधीजींची असहकाराची चळवळ सुरू व्हायची होती. तारीख आधीच जाहीर झालेली होती. हा मुहूर्त टिळकांच्या निधनामुळे ठरला, असा समज आढळतो, तो खरा नाही. गांधीजींनी १ ऑगस्ट रोजीच व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून 'कैसर-ए-हिंद' सुवर्णपदक आणि बोअर व झुलू युद्धांतील सेवेबद्दल मिळालेली पदके परत केली. खिलाफतीचा प्रश्न आणि पंजाबातील अत्याचार ही त्यामागची कारणे होती.

टिळक असते तर त्यांनी या चळवळीला साथ दिली असती काय, हा वाद महाराष्ट्रात पुढे कित्येक वर्षे रंगला. टिळकांचा आग्रह 'प्रतियोगी सहकारिते'चा होता. सरकार देईल ते पदरात घ्यायचे आणि उरलेल्यासाठी झगडायचे, हे त्याचे सूत्र. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाची घोषणा केली, ती नव्या कायदेमंडळांच्या निवडणुका लढविण्यासाठी. गांधीजींना मात्र त्याच कायदेमंडळांवर बहिष्कार हवा होता. मतभेद असे मुळाशी होते. तरीही सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने असहकार स्वीकारला आणि १९२१ मध्ये चळवळीसाठी एक कोटी रुपये जमविण्यात आले, त्या निधीला नाव देण्यात आले ते टिळकांचेच.

तिसऱ्या नोंदीची दखल त्या दिवशी कोणी घेणे शक्यच नव्हते. तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, मांग समाजातील भाऊराव साठे यांच्या घरी तुकाराम नावाचा मुलगा जन्माला आला. हेच पुढे अण्णा भाऊ साठे. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवस लाभली. दुष्काळ आणि दारिद्र्याने कुटुंबाला मुंबईपर्यंत पायपीट करावी लागली. अण्णा भाऊंनी मिळेल ते काम केले, गिरणीत राबले आणि अक्षरओळख स्वतःच्या बळावर करून घेतली. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोलीस हजेरीच्या जाचाखाली पिचणाऱ्या आपल्या समाजाचे चित्र त्यांनी 'फकिरा'त रेखाटले. १९५९ मधील ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. एवढे होऊनही घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतले हलाखीचे दिवस त्यांना चुकले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

मुंबईतील गिरणी कामगार हा या दोन नावांना जोडणारा धागा म्हणता येईल. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा या कामगारांनी सहा दिवस संप केला आणि त्याची नोंद थेट लेनिनने घेतली होती. पुढच्या पिढीतील याच कामगारवस्त्यांनी अण्णा भाऊंचे पोवाडे आणि लोकनाट्ये डोक्यावर घेतली.

आज १ ऑगस्टला राज्यातील शाळा आणि कार्यालयांत दोन्ही तसबिरींना एकत्रच हार घातले जातात. अण्णा भाऊंना हे स्थान मिळण्यास वेळ लागला. त्यांच्यावरील टपाल तिकीट निघाले ते २००२ च्या १ ऑगस्टला, तर ज्या रशियाचे प्रवासवर्णन त्यांनी लिहिले, तेथे मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला २०२२ मध्ये.