ब्रेकचे पेडल नरम लागते तेव्हा…

कोकणातल्या अनेक घरांच्या अंगणात एक गाडी कापडाखाली झाकून उभी असते. घरचा कमावता माणूस आखातात, मुले मुंबई-पनवेलला. गाडी वर्षातून दोन-तीनदाच रस्त्यावर येते: ईदला, घरात लग्न असले तर, किंवा रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे असले तर. अशा वेळी बॅटरी उतरली आहे का, टायरात हवा आहे का, हे सगळेच पाहतात. गाडी सुरू झाली की काम झाले असे वाटते. मग चालवणारा म्हणतो, "ब्रेक जरा नरम लागतोय," आणि मागे बसलेले म्हणतात, "हळू चालव म्हणजे झालं."

या "जरा नरम" शब्दांकडे आम्हाला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. गाडीचा दुसरा कोणताही भाग बिघडला तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर गाडी थांबत नाही. आणि ब्रेक सहसा एकाएकी दगा देत नाही. तो आधी पायाला सांगून पाहतो.

पाय दाबतो तेव्हा काय होते

पेडलवर पाय पडला की बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि नळ्यांत भरलेल्या द्रवावर दाब येतो. हा दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. पुढच्या चाकात कॅलिपर पॅडना डिस्कवर आवळतो. बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या चाकात व्हील सिलिंडर लायनरना ड्रमवर दाबतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा नियम. आपण शाळेत शिकलो तोच.

द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल घट्ट लागते. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचे बुडबुडे असतील तर पायाचा जोर आधी त्यांना चेपण्यात खर्च होतो, मग उरलासुरला चाकाकडे जातो. पेडल स्पंजसारखे लागते ते यामुळे.

या द्रवाला गॅरेजमध्ये सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. त्यात इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही तेल चुकूनही घालू नये; सिलिंडरमधली रबरे फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. नेहमीच्या ब्रेक ऑइलचा आणखी एक गुण म्हणजे ते हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असे मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी भिनले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. गाडी चालो वा उभी राहो, ऑइल ओल घेतच असते. दोन पावसाळे अंगणात काढलेल्या गाडीचे मीटर फिरलेले नसते, पण ब्रेक ऑइल दोन वर्षांनी जुने झालेले असते. तीच ओल आतून सिलिंडरला गंजही आणते. बहुतेक गाड्यांना साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे लागते. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

आधी निदान, मग पाना

पेडल नरम लागले की मेकॅनिकला "हवा काढून दे" असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो हवा काढतो, पेडल दोन आठवडे ताठ राहते आणि पुन्हा नरम होते. आमचे म्हणणे असे की पहिला प्रश्न वेगळा हवा: हवा शिरली कुठून? बंद नळीत हवा आपोआप येत नाही. कुठेतरी गळती असते, टाकीतले ऑइल खाली गेलेले असते, किंवा आधीच्या दुरुस्तीत काम अर्धवट झालेले असते. कारण न शोधता हवा काढणे म्हणजे ताप कशाने आला हे न पाहता गोळी देणे.

सपाट जागी गाडी उभी करून घरच्या घरी ही पाहणी करता येते.

पेडल पहिल्यांदा खोल जाते, पण भराभर दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होते: नळीत हवा असावी, किंवा मागच्या ड्रममधले लायनर झिजून लांब गेले असावेत. दुसऱ्या कारणाला हवा काढून उपयोग नाही, ड्रम उघडून अ‍ॅडजस्ट करावे लागतात.

पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसत जाते: बाहेर गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरमधली रबरे आतल्या आत दाब सोडत आहेत. ही गाडी रस्त्यावर काढायची नाही.

सकाळी पेडल ठीक, घाट उतरल्यावर नरम, गाडी थंड झाली की पुन्हा ठीक: जुन्या ऑइलमधले पाणी तापून वाफ झाली. वाफही हवेसारखीच दाबली जाते. येथे सगळे ऑइल बदलणे हाच उपाय.

इंजिन बंद असताना चार-पाच वेळा पेडल दाबा. ते ताठ होईल. तसेच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. हे थोडेसे खाली जाणे म्हणजे बिघाड नव्हे.

यानंतर टाकी पाहा. ऑइल खालच्या खुणेपेक्षा कमी असेल तर नुसते वर भरून झाकण लावू नका. एकतर पॅड झिजले आहेत, नाहीतर गळती आहे. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जोडांवर आणि पेडलच्या वर मास्टर सिलिंडरच्या बाजूला ओल आहे का ते टॉर्च लावून पाहा. चाकाजवळच्या रबरी होजला चिरा असतील, किंवा कुणी पेडल दाबल्यावर तो फुगत असेल, तर तो बदलावा लागेल. व्हील सिलिंडर गळून लायनर ऑइलने भिजले असतील तर ते पुसून वापरू नयेत, नवेच घालावेत.

गळती सापडली तर आधी ती दुरुस्त व्हायला हवी. ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे.

घरी हवा काढायची तर

गळती नाही, ऑइल जुने आहे, पेडल स्पंजसारखे आहे, एवढेच असेल तर हे काम घरी होण्यासारखे आहे. मात्र हत्याराची सवय असलेल्या हातांनी. याआधी कधी चाकही काढले नसेल, तर पहिल्या वेळी मेकॅनिकला अंगणात बोलवा आणि शेजारी उभे राहून शिका. एबीएसच्या यंत्रणेत हवा शिरली असेल तर अनेक गाड्यांत ती काढायला कंपनीचे स्कॅनर लागते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची ब्रेक यंत्रणा वेगळी असते. तिथे घरी हात घालू नये.

सामान थोडेच लागते: पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, निप्पलला बरोबर बसणारा रिंग पाना (बऱ्याच गाड्यांना ८ किंवा १० मि.मी.), निप्पलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, काचेची बाटली, जॅक, जॅक स्टँड, लाकडी ठोकळे, फडकी आणि बादलीभर पाणी. ऑइल रंगावर सांडले तर रंग उठतो, म्हणून लगेच पाणी ओतायचे. महिनोन्‌महिने उघडा पडलेला जुना डबा वापरू नये. त्यानेही ओल घेतलेली असते.

जमीन टणक आणि सपाट हवी. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागचीच चाके धरतो. म्हणून मागची बाजू उचलायची तर त्याचा भरवसा नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नये. वजन स्टँडवर उतरवूनच चाक काढा. इंजिन बंद असू द्या.

टाकीतले जुने काळपट ऑइल सिरिंजने ओढून घ्या आणि नवे भरा. चाकांचा क्रम पुस्तिकेत पाहा. सर्वसाधारण रीत म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. काही गाड्यांत ब्रेकचे दोन भाग तिरपे विभागलेले असतात, तिथे क्रम बदलतो.

निप्पलची रबरी टोपी काढून ते स्वच्छ पुसा. आधी पाना बसवा, मग नळी चढवा. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडलेले असावे, म्हणजे हवा उलटी ओढली जात नाही.

इथून पुढे दोन माणसे लागतात. एक पेडलवर, एक चाकापाशी. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही, म्हणून हे काम आवाजावर चालते. पेडलवर घरातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला बसवता येते. मोठ्या मुलीला शिकवले तर उत्तमच.

"दाब, बेटा. सावकाश."

"दाबलं अब्बा. धरून ठेवलंय."

तीन-चार वेळा सावकाश दाबून पेडल धरून ठेवले की चाकापाशी बसलेल्याने निप्पल पाव फेरा सैल करायचा. नळीतून जुने ऑइल आणि बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. निप्पल बंद करायचा आणि "सोड" म्हणायचे. तोपर्यंत पाय उचलायचा नाही. उघड्या निप्पलवर पेडल सोडले तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेले काम वाया जाते.

जुन्या गाडीत पेडल थेट तळाला टेकू देऊ नये. एरवी दट्ट्या जिथपर्यंत जात नाही तिथे गंज असतो आणि रबरे त्यावर घासून फाटतात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला की झाले.

दर चार-पाच वेळा दाबल्यानंतर टाकी पाहा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेले तर वरून हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेले ऑइल येऊ लागले की ते चाक झाले. निप्पल आतून पोकळ असतो. बेताने आवळा. गंजलेला निप्पल हलत नसेल तर जोर करू नका. तो तुटला तर पन्नास रुपयांचे काम हजारांत जाते.

बाहेर काढलेले ऑइल पुन्हा वापरायचे नाही. ते विषारी असते आणि रंगाने सरबतासारखे किंवा काढ्यासारखे दिसते. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. लहान मुले बाटलीचा आकार ओळखतात, आतले औषध की विष हे ओळखत नाहीत. गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. गॅरेजवर नेऊन द्या.

घाटाआधीची तपासणी

चाके बसवून, नट आवळून झाल्यावर इंजिन सुरू करा आणि पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरा. ते घट्ट राहिले पाहिजे, खाली सरकता कामा नये. चारही निप्पल कोरडे आहेत का पाहा. मग रिकाम्या वाटेवर, गाडीत एकटे बसून, अगदी कमी वेगात पाच-सहा वेळा ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल अजून खोल जाते का? शंका राहिली तर प्रवास पुढे ढकला. कशेडी, परशुराम, कुंभार्ली किंवा आंबा घाटात सहा माणसे आणि सामान भरलेल्या गाडीवर ही परीक्षा घेऊ नये.

घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. खालच्या गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. चालत्या गाडीत पेडल खोल गेलेच तर घाबरून इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतील. पेडल भराभर आणि जोराने दाबा. ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असतात; एक गेला तरी दुसरा खोलवर लागतो. एकेक गिअर उतरवा, हॉर्न आणि दिवे चालू ठेवा, हँडब्रेक हळूहळू ओढा. एकदम ओढला तर गाडी घसरते.

एक छोटी सवय आम्ही सुचवतो. ऑइल बदलले की तारीख आणि ऑइलची प्रत एका पट्टीवर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवा. आज गाडी तुम्ही पाहिली. पुढच्या ईदला ती कदाचित भाऊ चालवील, किंवा रात्री दोन वाजता शेजारचा मुलगा तुमच्या अम्मीला दवाखान्यात नेईल. तुम्ही हजार मैलांवर असाल. त्याला बॉनेट उघडल्यावर कळले पाहिजे की या ब्रेकवर पाय ठेवायला हरकत नाही.