मोहाचा पाक आणि सासूबाईंचा अबोला

मैत्रिणींनो, गुलाबाचं सरबत तुम्ही करतच असाल. जास्वंदीचंही कुणी कुणी करतात. पण मोहफुलांचा पाक? नाव वाचूनच कपाळाला आठी पडली ना! माझ्या सासूबाईंच्याही पडली होती. मोह म्हटलं की आपल्याला दारूच आठवते, त्याला त्या बिचाऱ्या फुलाने काय करावं?

आमचं मारेगाव वणीपासून जवळच. तालुक्यात कोलामांचे पोड आहेत, रानात मोह आणि पळस. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. उन्हाळ्यात शाळा सकाळची. त्या वर्षी सातवीतली एक मुलगी रोज उशिरा यायची. एके दिवशी मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि चांगलं फैलावर घेतलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मोहं येचाले गेली होती, बाई."

मोहाची फुलं पहाटे, अंधार असतानाच गळतात. उजाडायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खाऊन जातात, नाहीतर उन्हाने सुकतात. मार्च-एप्रिलच्या त्या थोड्या दिवसांत वेचून, वाळवून ठेवलेल्या फुलांवर किती घरांचा किराणा चालतो! बी. ए. झालेल्या मला हे ठाऊक नव्हतं, याची मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने पळसाच्या पानांच्या द्रोणातून ताजी फुलं आणून दिली. फिकट पिवळी, द्राक्षासारखी मांसल, गोड. ती परत कशी करणार? मग आणखी किलोभर मी तिच्या आईकडून विकत घेतली.

पहिल्या खेपेला मी गुलाबाच्या सरबतासारखंच केलं. फुलं उकळली, गाळली आणि पातळच पाणी बाटलीत भरून, घट्ट बूच लावून खिडकीत ठेवलं. एप्रिलमधलं यवतमाळचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी दुपारी 'फट्' आवाज झाला, बूच छताला जाऊन लागलं आणि घरभर तो वास! शेजारच्या वहिनी धावत आल्या, त्यांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत आळीत झालं, "मास्तरणीच्या घरी मोहाची गाळतात." सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. यांनी मात्र हसून घेतलं. पण शाळेत कुणाच्या कानावर गेलं तर काय, या काळजीने मला रात्री झोप येईना. घरी दारू करणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. माझा तर नुसता पाक बिघडला होता!

पूर्वी या फुलावरच कायद्याची नजर होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे मोहफुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर, नेण्या-आणण्यावर बंधनं होती. २०२१ साली राज्य शासनाने ती उठवली. त्यामुळे फुलं घरात ठेवायची भीती आता नको. पाक मात्र नीट आटवायला हवा.

चूक कुठे झाली ते पुढे कळलं. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. पातळ गोड पाणी आणि वर उकाडा, मग आंबायला कितीसा वेळ लागतो! साखर दाट असेल तर मात्र ते आंबत नाही. आपला मुरांबा टिकतो तो याचमुळे.

आता माझी रीत सांगते. किलोभर ताजी फुलं घ्या, शक्यतो झाडाखाली कापड पसरून वेचलेली. प्रत्येक फूल दोन बोटांत दाबून आतले केसर काढून टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते राहिले तर पाकाला कडवटपणा येतो. मुलांना सोबत बसवा. तीन पाण्यांनी धुऊन, फुलं बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटं शिजवा आणि मलमलीतून गाळा. पिळू नका, पाक गढूळ होतो. मग जाड बुडाच्या पातेल्यात, मध्यम आचेवर, एकतारी होईपर्यंत आटवा. शेवटी एका लिंबाचा रस. वरून साखर लागतच नाही. वाळलेली फुलं असतील तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून मग हेच सगळं. बाटली उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, पाक गरम असतानाच भरा, आणि फ्रीजमध्ये ठेवा. फेस दिसला किंवा आंबूस वास आला तर मोह आवरा आणि ओतून द्या!

मोह मिळत नसेल तर जास्वंद घ्या. लाल, पाच पाकळ्यांची, देठ आणि केसर काढून. गरम पाण्यात ती जांभळट काळी दिसते, घाबरू नका. लिंबू पिळताच लालभडक होते. एक वाटी त्या पाण्याला दोन वाट्या साखर. गुलाब घ्याल तर घरचा गावठी. हाराच्या फुलांवर कसली फवारणी केलेली असते कुणास ठाऊक. आणि कण्हेर, धोतरा यांच्या वाटेला चुकूनसुद्धा जाऊ नका, दोन्ही विषारी. मुलांनाही हे सांगून ठेवा.

दुसऱ्या खेपेचा पाक मी सासूबाईंना न सांगताच ज्वारीच्या भाकरीवर वाढला. "गूळ कुठला गं?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी घास थांबवला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "थोडा आणखी आटवायला हवा होता." भाकरी मात्र संपवली.

या वर्षी शेजारच्या वहिनींनी मुलाच्या हाती रिकामी बाटली पाठवली. धुतलेली होती, पण आतून ओली. आधी उन्हात वाळवली, मगच भरून दिली.