दोन तळांची वेगवान होडी : कॉटन ग्रीनच्या कारागिरांसाठी एक नवा हुन्नर

हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडी यांच्या मध्ये कॉटन ग्रीन स्टेशन लागते. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे हलला आणि हे नाव या वस्तीला चिकटले. आता कापसाची ती गजबज उरलेली नाही. आहेत ती पोर्टाची जुनी गोदामे, ट्रकांच्या रांगा आणि थोडे दक्षिणेला गेले की दारूखान्याचा लोखंडबाजार. १९८३ साली गुजरातेत अलंगचा किनारा सुरू झाला आणि जहाजे तोडण्याचे मोठे काम तिकडे गेले. पण जहाजाचा सुटा भाग पाहताक्षणी ओळखणारे डोळे आणि कोणतेही इंजिन उघडून बसवणारे हात इथेच राहिले. या हातांत आपल्या बांधवांचे हात पुष्कळ आहेत. त्यांना आज काय काम मिळते? बहुतेक दुरुस्तीचे. नवी होडी दुसरा बांधतो, मोडली की ती आमच्याकडे येते.

म्हणून गेल्या वेळी एका गिऱ्हाइकाने २६ फुटी दोन तळांची वेगवान होडी, म्हणजे कॅटामरान, बांधून आणि इंजिने बसवून द्या असे सांगितले तेव्हा आम्ही भागीदारांनी काम घेतले. त्या कामात जे शिकलो, जेथे चुकलो आणि ज्याची फी भरली, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

शब्द आपला, धंदा परक्यांचा

कॅटामरान हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो मुळात तमिळ आहे. कट्टू म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा, तो कट्टुमरम. आज या नावाने दोन अरुंद तळ शेजारी शेजारी ठेवून वर एकच डेक घातलेली होडी ओळखली जाते. गेटवेहून मांडव्याला जाणारे प्रवासी हे नाव रोज घेतात.

वेगवान कॅटामरानचे तत्त्व असे. साधी होडी पाणी बाजूला ढकलत जाते. वेग वाढला की तळाचा मोठा भाग पाण्याबाहेर येऊन ती पाण्यावर घसरू लागते. कॅटामरानमध्ये दोन तळांच्या मध्ये बोगदा असतो. वेगात त्या बोगद्यात हवा कोंडते आणि होडीला खालून उचलते. पाण्याला टेकणारा भाग कमी, म्हणून घर्षण कमी, म्हणून तेवढ्याच इंजिनात वेग जास्त. मात्र ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट. नाळ प्रमाणाबाहेर वर गेली तर हीच हवा होडी मागे उलथी करते. जे बळ फायदा देते तेच बळ जीवही घेते, हे या धंद्यात पहिल्या दिवशी समजून घ्यावे.

२०१८ साली आंध्र प्रदेशात अमरावतीजवळ कृष्णा नदीवर फॉर्म्युला वन पॉवरबोटींची शर्यत झाली. त्या होड्या याच जातीच्या, सुमारे ४०० अश्वशक्तीच्या आणि ताशी २०० किलोमीटरहून अधिक धावणाऱ्या. आपल्या मरीन ड्राइव्हसमोरही २०१७ साली पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या. त्या होड्या मात्र एका तळाच्या होत्या. आमचे काम शर्यतीचे नव्हते. गिऱ्हाइकाला मांडवा-अलिबागकडे झटकन जाणारी होडी हवी होती.

फायबरचे काम : घाई तेथे नुकसान

साच्यावर आधी जेलकोट, मग मॅट, मग रोव्हिंग, हे आपल्या कारागिरांना ठाऊक आहे. वेगवान होडीत फरक एवढाच की वजनाचा हिशेब किलोने नव्हे, पावशेराने करावा लागतो. रेझिन जास्त ओतले म्हणजे होडी मजबूत झाली, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. ताकद काचेच्या धाग्यात असते. रेझिन फक्त धागे धरून ठेवते. रोलरने जादा रेझिन आणि हवेचे बुडबुडे काढलेच पाहिजेत. पावसाळी दमट हवेत मॅट ओल धरते आणि थर एकमेकांना नीट पकडत नाहीत. आम्ही श्रावणात काम थांबवले. गिऱ्हाईक रागावले, पण थांबलो ते बरेच झाले.

येथे एक गोष्ट प्रत्येक शेडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून लावावी. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही एका भांड्यात थेट कधीही मिसळू नयेत. त्याचा भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोळून घ्यावे, त्यानंतर हार्डनर घालावा. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवाव्यात आणि मापेही वेगळी ठेवावीत. नव्या पोऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवावे.

कॅटामरानचा नाजूक भाग म्हणजे दोन तळांना जोडणारा मधला पूल. एक तळ लाटेवर चढतो तेव्हा दुसरा खाली उतरलेला असतो आणि सगळी पिळवट त्या जोडावर येते. म्हणून आडव्या भिंती एका तळाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत अखंड घ्याव्यात. मधे तोडून जोडू नयेत.

ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगण्याची मागची भिंत, हिच्यात प्लायवूड घालायचे तर आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायच घ्यावे. बोल्टचे भोक पाडताना ते आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरावे, आणि सुकल्यावर त्यातच खऱ्या मापाचे भोक पाडावे. म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. भोक थेट पाडून सीलंट फासले की ट्रान्सम आतून कुजतो आणि बाहेरून कळत नाही. बोल्ट ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्यावेत. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, म्हणून भंगारातला माल घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. शिक्का किंवा तपासणीचा कागद मागावा.

इंजिन बसवणे : खरी कारागिरी

१५० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक औटबोर्ड इंजिन सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. दोन इंजिने म्हणजे साडेचारशे किलो वजन होडीच्या अगदी टोकाला. ३०० लिटर पेट्रोल म्हणजे आणखी सव्वादोनशे किलो. टाकी आणि बॅटऱ्या कोठे ठेवायच्या यावर नाळ किती उचलणार हे ठरते. म्हणून डेक बंद करण्यापूर्वी आम्ही टाकीच्या आणि बॅटऱ्यांच्या वजनाची वाळूची पोती ठेवून तोल पाहिला. पोती हलवायला खर्च येत नाही, टाकी हलवायला येतो.

पंखा बरोबर आहे की नाही हे साध्या गणिताने कळते. आमचे इंजिन ५,५०० फेरे फिरते आणि गिअर दोनास एक आहे, म्हणजे पंखा मिनिटाला २,७५० फेरे घेतो. पंख्याची चाल २१ इंच. तो घट्ट पदार्थात स्क्रूसारखा गेला असता तर मिनिटाला ५७,७५० इंच, म्हणजे ताशी सुमारे ८८ किलोमीटर गेला असता. पाण्यात तो घसरतो. जीपीएसवर ७५ दिसले तर घसरण सुमारे १५ टक्के. एवढी चालते. २५ टक्के निघाली तर पंखा, इंजिनाची उंची किंवा वजनाची मांडणी यांत काही तरी चुकले आहे. हे गणित वहीत मांडणारा फिटर गिऱ्हाइकाशी ताठ मानेने बोलू शकतो.

दोन इंजिनांचे पंखे उलट्या दिशांना फिरणारे घ्यावेत, म्हणजे होडी एका बाजूला ओढत नाही. दोन्ही इंजिने आडव्या दांड्याने एकमेकांना जोडावीत. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी. साधे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते, म्हणून टाकीच्या कप्प्याला हवा खेळती ठेवावी.

आमची चूक

इंजिन जितके वर तितके पाण्यातले लोखंड कमी आणि वेग जास्त. पहिल्या चाचणीत वेग ठीक होता, पण गिऱ्हाइकाला आणखी हवा होता. आम्ही दोन्ही इंजिने एकदम दोन भोके वर घेतली. भोकांमधले अंतर पाऊण इंच, म्हणजे दीड इंच उचल. वेग वाढला आणि सगळे खूश झाले. आमचे वयस्क मिस्त्री मात्र मागे बघत होते. ते म्हणाले, "शेठ, पाण्याची धार बघा. बारीक झाली."

इंजिन थंड ठेवणारे पाणी खालच्या जाळीतून आत येते. इंजिन वर गेले आणि जाळी वळणावर हवा ओढू लागली. गिऱ्हाईक म्हणाले, अजून एक फेरी मारा. आम्ही मारली. त्या फेरीत गरमीचा भोंगा वाजला आणि डाव्या इंजिनाचा पाणीपंप जळाला. दोष कोणाचा नव्हता, आमचाच होता. एक भोक वर घ्यावे, पाण्याचा दाब पाहावा, मगच दुसरे घ्यावे, हा नियम आम्हाला ठाऊक होता. पाणीदाबाचा काटा आम्ही खर्च वाचवण्यासाठी लावला नव्हता.

हायड्रा बोलावून होडी पुन्हा शेडमध्ये आणली. नवा पंप, नवे काटे आणि दोन दिवसांची मजुरी आम्ही आमच्या खिशातून भरली. इंजिने एक भोक खाली घेतली. वेग ताशी तीन किलोमीटरने उतरला, तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले.

तीन किलोमीटरची किंमत

गिऱ्हाइकाला हंगाम गाठायचा होता. उरलेल्या चाचण्या सोडा, होडी तशीच द्या, पैसे आजच घ्या, असा त्यांचा आग्रह होता. पैशांची आम्हाला गरज होती. शेडचे भाडे थकले होते. तेव्हा आमच्यापैकी एकाने १८ डिसेंबर २०२४ ची आठवण दिली. त्या दिवशी आपल्याच बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी घेत असता ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी होडीवर आदळली. डझनाहून अधिक माणसे गेली. नौदलाने इंजिनातील बिघाड हे कारण सांगितले. नवे इंजिन पाण्यात उतरवणे ही किती जोखमीची गोष्ट आहे, हे यापेक्षा अधिक काय सांगावे?

आम्ही होडी दिली नाही. आणखी तीन दिवस घेतले. पूर्ण टाकी आणि अर्धी टाकी, सहा माणसे आणि दोन माणसे, सरळ आणि वळणावर अशा चाचण्या प्रवासी मार्गापासून दूर घेतल्या आणि आकडे वहीत लिहिले. तांडेलाच्या अंगाला बांधायची दोरी, जी ओढली जाताच दोन्ही इंजिने बंद पडतात, ती प्रत्येक फेरीपूर्वी ओढून पाहिली. थ्रॉटलची केबल अडकली तर पहिले काय करायचे, हे गिऱ्हाइकाच्या तांडेलाकडून दहा वेळा करवून घेतले. गिऱ्हाईक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वही मागून घेतली आणि उरलेली रक्कम पूर्ण दिली.

व्यापारी बंधूंना चार शब्द

या कामात इंजिने आणि काटे बाहेरून येतात. त्यांवर आपला नफा थोडाच. आपली कमाई साच्यात, जोडणीत आणि चाचणीत आहे. म्हणून चाचणीची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी लिहावी, नाही तर ती फुकट समजली जाते. पैसे टप्प्यांनी घ्यावेत : साचा सुटल्यावर, इंजिने बसल्यावर आणि चाचणीनंतर. वेगाचे आश्वासन तोंडी देऊ नये. किती माणसे, किती पेट्रोल असता किती वेग, असे कागदावर द्यावे. होडी प्रवासी वाहतुकीची असेल तर बांधणी सुरू करण्यापूर्वीच महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या नोंदणी आणि तपासणीचे नियम पाहावेत; तयार होडी नियमात बसवणे फार महाग पडते.

आणि मुलांना हे काम शिकवावे. फिटर, वेल्डर आणि फायबरवाला असे तीन तरुण एकत्र आले, एकाने हिशेबाची वही धरली, तर दुरुस्तीच्या धंद्यातून बांधणीच्या धंद्यात पाऊल टाकता येते. आमचे मिस्त्री शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण पाण्याची धार बारीक झालेली त्यांनीच आधी पाहिली. पुढच्या होडीला पाणीदाबाचा काटा आम्ही पहिल्याच दिवशी लावणार आहोत.