उक्बाची मशीद, पावसाचं अंगण

ट्युनिशियातल्या कैरुआन शहराची जन्मकथा साप-विंचवांपासून सुरू होते. इ.स. ६७० मध्ये अरब सेनापती उक्बा इब्न नाफी इथं तळ टाकायला आला, तेव्हा ही जागा म्हणजे श्वापदांनी भरलेलं रान होतं म्हणतात. उक्बानं हाळी दिली, आमच्यात प्रेषितांचे सोबती आहेत, आम्ही इथं राहणार, तुम्ही निघा. मग जनावरं आपापली पिल्लं उचलून चालती झाली. मशिदीची मक्केकडची दिशा ठरेना, तेव्हा त्याला स्वप्नात दृष्टान्त झाला. सकाळी फक्त त्यालाच ऐकू येणाऱ्या आवाजामागं तो चालत गेला आणि आवाज थांबला तिथं त्यानं निशाण रोवलं.

उक्बा ६८३ मध्ये लढाईत पडला. त्याची मशीद नंतर पुन्हा पुन्हा बांधली गेली. आजची इमारत मुख्यतः अघलबी घराण्यातल्या अमीर झियादतुल्लाहची, ८३६ ची. जुना मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, तोही त्याला पाडायचा होता. लोकांनी पाडू दिला नाही, म्हणून तो नव्या मेहराबामागं झाकला, अशी आख्यायिका आहे. नव्याला कोरीव जाळीच्या संगमरवरी फरशा आहेत. जाळीला डोळा लावला की मागं काळोखी पोकळी दिसते. भाविकांच्या लेखी तोच उक्बाचा मेहराब.

शेजारचा मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, नवव्या शतकातला, टिकून राहिलेल्यांत जगातला सर्वांत जुना मानला जातो. तीनशेहून जास्त कोरीव फळ्या, आणि लाकूड सागवान, हिंदुस्थानातून गेलेलं असं सांगतात. खांब मात्र रोमन आणि बायझंटाईन पडक्या वास्तूंतून उचललेले. ते मोजणारा आंधळा होतो, असा समज आहे. अभ्यासकांनी चारशेच्या वर मोजले, आणि त्यांची दृष्टी शाबूत राहिली.

माझ्या मते या मशिदीचं खरं मर्म अंगणात आहे. फरशी मधल्या भागाकडं उतरती. पावसाचं पाणी तिथल्या संगमरवरी कुंडाकडं येतं. कुंडाच्या कडांना खाचा आणि टप्पे आहेत, गाळ तिथंच अडतो आणि निवळलेलं पाणी खालच्या टाक्यात उतरतं. टाक्यावरच्या विहिरींचे काठ म्हणजे जुन्या रोमन खांबांच्या बैठका. शतकानुशतकं पोहरे ओढून दोरांनी त्यांत खोल चरे पाडलेत, आपल्या जुन्या आडांच्या काठांना असतात तसेच.

नदी दूर, माळ कोरडा. म्हणून गावची दुसरी दंतकथा पाण्याचीच. मक्केत हरवलेला सोन्याचा प्याला इथं वाळूत सापडला आणि तिथूनच झरा फुटला. गावातल्या बरौता विहिरीचं पाणी थेट मक्केतल्या झमझम विहिरीशी जोडलेलं आहे म्हणतात. तिथं रहाट फिरवणारा उंट बघायला आज पर्यटक पैसे मोजतात. अघलबींनी मात्र झऱ्यावर भिस्त ठेवली नाही. नवव्या शतकातच त्यांनी तटाबाहेर गोल तलाव खोदले. मोठ्याचा व्यास सुमारे १२८ मीटर, आणि त्याआधी पाणी निवळायला लहान तलाव वेगळा. अंगणातल्या कुंडाचीच युक्ती, फक्त अख्ख्या शहरापुरती.