ट्रॅक्टर चालू होईना? आधी ऐका, मग पाना हातात घ्या



आजच्या संदेशात खत नाही की फवारणी नाही. या आठवड्यात आलेले बरेच फोन हरभऱ्याच्या बियाण्यावरून सुरू झाले आणि ट्रॅक्टरवर येऊन थांबले. "रान वापशावर आलंय, बी घरात आहे, पण ट्रॅक्टर चालूच होईना." पावसाळाभर शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर ऐन पेरणीला दगा देतो, हे दरवर्षीचंच आहे. मी कृषी पदविकावाला, मेकॅनिक नाही. पण कोरडवाहू हरभऱ्याची उगवण जमिनीतल्या ओलीवर अवलंबून असते, आणि ऑक्टोबरचं ऊन वरची ओल भराभर उडवतं. म्हणून हा विषय माझ्याही कामाचा आहे.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. असाच पेरणीचा दिवस होता. वडिलांनी चावी फिरवली, नुसतं 'टक' झालं. मेकॅनिक आले, सेल्फ उतरवून तालुक्याला नेला. तिसऱ्या दिवशी सेल्फ परत बसवला, तरी पुन्हा तेच 'टक'. शेवटी वाकून बघितलं तर बॅटरीची अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथं बसते, तिथं गंज चढलेला. घासून बोल्ट आवळला आणि पहिल्याच सेल्फला इंजिन चालू. काम पाच मिनिटांचं, पण दिवस गेले तीन. त्या रानात हरभरा उगवला, पण ओळीत नांग्याच नांग्या.

चूक एकट्या मेकॅनिकची नव्हती. आम्ही फोनवर एवढंच सांगितलं होतं, "चालू होत नाही." एवढ्यावर कोणी काय ओळखणार? ट्रॅक्टर स्वतः सांगत असतो काय बिघडलंय ते. ते दोन प्रश्नांत कळतं.

*प्रश्न १ : चावी फिरवल्यावर सेल्फ फिरतो का?*

हेडलाइट लावा. एकाला समोर उभं न करता बाजूला, लांब उभं करा आणि लाइटकडे बघायला सांगा. मग चावी फिरवा.

▪️ *काहीच आवाज नाही, लाइट आहे तसाच :* सेल्फपर्यंत करंटच जात नाही. आधी बघा, गिअर न्यूट्रलला आहे का, पीटीओचा लिव्हर बंद आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का. बऱ्याच ट्रॅक्टरला सेफ्टी स्विच असतो, यातलं एक जरी चुकलं तरी सेल्फ लागत नाही. मग फ्यूज बघा. शेडमध्ये उंदीर असतील तर वायरी कुरतडल्यात का तेही बघा.

▪️ *'टक-टक' आवाज आणि लाइट एकदम मंद :* बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल किंवा अर्थिंग खराब. आम्ही त्या दिवशी लाइट बघितला असता, तर सेल्फ उतरवण्याआधी निदान वायरी तरी तपासल्या असत्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी अर्थिंगची (-) वायर काढा, मग (+). कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, तारेच्या ब्रशने चकचकीत घासा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. बसवताना आधी (+), शेवटी (-), आणि वरून व्हॅसलीन लावा. अर्थिंगच्या पट्टीचं दुसरं टोक विसरू नका, खरी गंमत तिथंच असते.

पाणी घालायची बॅटरी असेल तर प्लेटा बुडालेल्या हव्यात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं पाणी किंवा ॲसिड नको. मीटर असेल तर १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ दाखवते. १२ च्या आसपास आली म्हणजे ती जवळपास रिकामी, चार्जिंगलाच लावा. बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

▪️ *लाइट उजळ, 'टक' एकच, आणि वायरी सगळ्या साफ :* आता मात्र सेल्फचा किंवा त्याच्या सोलेनॉइडचा संशय घ्यायला हरकत नाही.

*प्रश्न २ : सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, मग धूर कसा?*

सायलेन्सरकडे बघा.

▪️ *धूरच नाही :* डिझेल इंजिनपर्यंत पोहोचत नाही. आधी सोपं बघा. स्टॉपची नॉब ओढलेली राहिली का? टाकीखालचा कॉक बंद आहे का? काटा काहीही दाखवो, टाकीत काडी घालून बघा. झाकणाचं हवेचं छिद्र मातीने किंवा कुंभारीण माशीच्या घराने बुजलंय का? मग फिल्टर. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, ते पाणी तळाला बसतं. फिल्टरखाली पाणी सोडायचा स्क्रू असतो, तो सैल करून साफ डिझेल येईपर्यंत पाणी काढून टाका.

टाकी एकदा कोरडी पडली असेल किंवा फिल्टर बदलला असेल तर लाइनीत हवा धरते. साध्या डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरला फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा सैल करा, हँड प्रायमर मारत राहा. फेस-बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळा. नंतर डिझेल पंपावरच्या स्क्रूला तेच करा. नोझलच्या पाइपांना मात्र घरी हात लावू नका. तिथली बारीक धार कातडीत घुसते, आणि जखम दिसायला छोटी असली तरी बोट जाऊ शकतं. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू आहेत. त्यातल्या अनेकांत कॉमन रेल आहे, ते कंपनीच्या माणसाकडेच द्या.

▪️ *पांढरा धूर :* डिझेल जातंय पण जळत नाही. डिझेलमध्ये पाणी, गारठलेलं इंजिन, नाहीतर कॉम्प्रेशन कमी. पाणी काढूनही फरक नाही पडला तर मेकॅनिक.

▪️ *काळा धूर :* हवा कमी पडते. एअर क्लिनर उघडा. तेलाचा असेल तर गाळ काढून खुणेपर्यंत नवं तेल भरा.

आणि एक लक्षात ठेवा : एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. तीन-चार वेळा मारूनही नाही झालं तर थांबून कारण शोधा. नाहीतर बॅटरीही जाते आणि सेल्फही जळतो, मग एका बिघाडाचे तीन होतात.

*⚠️ हे मात्र कधीच करू नका*

खाली उभं राहून सेल्फवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करणं. आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय, अनेकांनी केलंय. माझ्या चुलत्यांनीही केलं होतं. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. पाना टेकवला तसं इंजिनने पकडलं आणि ट्रॅक्टर शेडचा खांब घेऊन पुढं गेला. चुलते मोठ्या चाकापासून हातभर लांब होते म्हणून आज आहेत. त्या दिवसापासून घरात त्यावर कोणी बोलत नाही, पण पाना परत कोणी टेकवला नाही.

पाना टेकवला की सेफ्टी स्विच बाजूला पडतो, आणि आपण उभे असतो नेमके मागच्या चाकापुढे. पेरणी दोन दिवस लांबली तर उत्पादन थोडं घटेल, पण गेलेला माणूस परत येत नाही. ट्रॅक्टर फक्त सीटवर बसून, गिअर न्यूट्रलला ठेवून, चावीनेच चालू करायचा.

*मेकॅनिकला फोन करताना हे सांगा*

१) सेल्फ फिरतो का, आवाज कसा येतो
२) हेडलाइट मंद होतो का
३) धूर येतो का, रंग कोणता
४) किती दिवस उभा होता, काय काय तपासलं

एवढं सांगितलं तर तो योग्य सामान घेऊनच येतो, हेलपाटा वाचतो.

पेरणी अजून व्हायची असेल तर आज संध्याकाळीच दहा मिनिटं काढा. टर्मिनल बघा, फिल्टरचं पाणी सोडा, एकदा चालू करून बघा. हा संदेश घरात जो ट्रॅक्टर चालवतो त्याला वाचून दाखवा, विशेषतः नव्याने शिकणाऱ्या पोरांना.

उद्याच्या संदेशात हरभऱ्याची बीजप्रक्रिया.

आपला,
कृषी सल्लागार