जुना क्रमांक, बदललेले माप

गुलमंडीवर साडीचा पोत तीनदा पारखणारी गृहिणी ब्रेसियर मात्र क्रमांक कुजबुजून, कागदात गुंडाळून घेते. गल्ल्यावर ओळखीचे काका बसलेले असतात. तो क्रमांक बहुधा लग्नाच्या वेळचा. बाळंतपण, स्तनपान, रजोनिवृत्ती यांनी शरीर बदलते, क्रमांक तोच राहतो. मग खांद्यांवर वळ उठतात आणि दुखणे वयाच्या खाती जमा होते.

वस्तुतः भार खांद्यावरच्या बंदांनी नव्हे, छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तो पाठीवर वर सरकत असेल, तर घेर सैल आहे. घेर एक क्रमांक उतरवला, की कप एक अक्षर चढवावा: ३६ बी ऐवजी ३४ सी. नवी ब्रेसियर सर्वांत सैल हुकावर नीट बसावी. इलॅस्टिक पुढे ताणतेच.

दुपारच्या निवांत वेळी घरातील सून टेप घेऊन दुकानात बसली, तर हे माप तेथेच होईल.